बाळगोळी : गिरणगावातल्या दिवसाच्या झोपेचा इतिहास

१९२२ साली मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’ या मासिकात डॉ. बार्न्स या डॉक्टर स्त्रीचा अहवाल प्रसिद्ध झाला. मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांची बाळंतपणे आणि त्यांची मुले हा त्याचा विषय होता. त्यातील एक आकडा पुढे वारंवार उद्धृत झाला : या स्त्रियांच्या दर १०० तान्ह्या मुलांपैकी ९८ मुलांना अफू दिली जाते.

कारणात काही गूढ नव्हते. आई दिवसभर गिरणीत आणि मूल दिवसभर खोलीत. त्याने रडू नये, उठू नये, निजून राहावे, म्हणून आई कामावर निघण्याआधी त्याला अफूची बारीकशी गोळी चाटवली जाई. बाजारात या गोळीला बाळगोळी म्हणत.

नाव किती मायेचे! हा धागा त्या गोळीचा आहे, आणि ती ज्या दिवसासाठी तयार झाली त्या दिवसाचाही.

आधी झोपेविषयी थोडे. नवजात बाळ दिवसरात्रीत मिळून साधारण १६ तास झोपते, पण ही झोप सलग नसते. तिचे दोन-तीन तासांचे तुकडे असतात. पोट लहान, दूध लवकर पचणारे. भूक लागली की बाळ जागे होते, पिते आणि पुन्हा निजते. दिवस आणि रात्र यांतला भेद त्याच्या शरीराला पहिले दोन-तीन महिने उमगलेला नसतो. त्यामुळे तान्हे मूल दिवसा अनेकदा झोपते आणि तितक्याच वेळा उठते. दहा तास अखंड झोपून राहणे हा त्याचा शरीरधर्मच नाही.

मराठी घरांनी या तुकड्यातुकड्यांच्या झोपेभोवती एक व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या रचलेली होती. तेल चोळून, कढत पाण्याने न्हाऊ घालून, ओवा-शेपा-वावडिंगाची धुरी देऊन, जुन्या लुगड्याच्या मऊ दुपट्यात घट्ट गुंडाळून बाळाला पाळण्यात घातले की न्हाण्यानंतरची झोप चांगली लांबलचक लागे. गुटीच्या सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग यांच्या जोडीला जायफळाचेही एक-दोन वेढे पडत. जायफळाने झोप येते, ही समजूत घरोघर होती. (आजचे बालरोगतज्ज्ञ गुटी आणि धुरी या दोहोंनाही नकार देतात, तो भाग वेगळा.) पाळण्याची दोरी आजीच्या हाती असे, अंगाई तिला मुखोद्गत असे, आणि दोरी ओढता ओढता तिचे निवडणे-टिपणेही चाललेले असे.

शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईला हे सारे लाभत नव्हते. तिची व्यवस्था साधी होती. बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधायची, मुलाला तीत निजवायचे आणि कामाला लागायचे. ते उठले की आवाज कानावर येई. विळा खाली ठेवून ती येई, पाजी आणि परत जाई. मुकादमाने दोन शब्द सुनावले तरी तेवढी मुभा तिला बहुधा मिळे.

वाड्यातला पाळणा असो की बांधावरची झोळी, दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. बाळ उठणार, आणि ते उठले की कोणीतरी हाकेच्या अंतरावर असणार.

गिरणीने नेमके हेच अंतर मोडले.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. त्यानंतरच्या अर्धशतकात परळ, लालबाग, वरळी, भायखळा या भागांत गिरण्यांची रांगच उभी राहिली आणि त्या मुलखाला गिरणगाव हे नाव पडले. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर या जिल्ह्यांतून माणसे आली. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्यांतल्या बहुतेक जणी सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, म्हणजे रीलिंग आणि वाइंडिंगमध्ये असत. त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या बाईला नाईकीण म्हणत. कामावर कोणाला घ्यायचे, कोणाला घरी बसवायचे, हे बव्हंशी तिच्या मर्जीवर चाले.

१८९१ च्या कारखाने कायद्याने स्त्रियांसाठी दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली होती. १९२० च्या मोठ्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत १० तासांचा दिवस रूढ झाला. हे तास केवळ कामाचे होते. मधली सुट्टी आणि जाण्या-येण्याचा वेळ त्यात मिळवला, तर आई आणि मूल यांच्यातला दुरावा त्याहून मोठा होई. रीलिंगमधल्या बायकांना मजुरी नगावर मिळे. वेळेच्या बाबतीत त्यामुळे थोडी सैल होई, हे खरे. अनेक जणी घरचे आटोपून उशिरा कामावर येत. परंतु त्याच नगावरच्या मजुरीमुळे मुलाला पाजायला घरी जाऊन येण्याचा प्रत्येक फेरा थेट पगारातून कापला जाई.

मग घरी मुलाजवळ कोण असे?

येथे गिरणगावाच्या घडणीचा एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. मुंबईत आलेले कुटुंब हे सबंध कुटुंब नसे. शेत, गुरे, घर सांभाळायला म्हातारी माणसे गावीच राहत. पाळण्याची दोरी धरणारी आजी कोकणात किंवा घाटावर, आणि पाळणा चाळीत. एकाच खोलीत बिऱ्हाड, कधी एका खोलीत दोन बिऱ्हाडे. उजेड नाही, हवा नाही. मूल शेजारच्या एखाद्या म्हातारीकडे चार पैसे देऊन ठेवायचे, नाहीतर सहा-सात वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या स्वाधीन करायचे. ती म्हातारी अशी अनेक मुले सांभाळणार, आणि बहीण स्वतःच लहान. दर दोन तासांनी उठून रडणारे, भुकेले तान्हे मूल या दोघींच्याही आवाक्याबाहेरचे होते.

कलकत्त्याच्या ताग गिरण्यांत काही आया मुलांना थेट कामावर नेत. डॉ. डॅगमार कर्जेल यांनी १९२० च्या दशकाच्या प्रारंभी तेथील स्त्री-कामगारांची पाहणी केली, तेव्हा यंत्रांच्या घरघरीत आणि तागाच्या धुळीत निजलेली मुले त्यांना आढळली. मुंबईत चालत आलेली वाट वेगळी होती. मूल खोलीतच राही आणि त्याच्यापाशी माणसाच्या जागी गोळी राही.

अफू मुलाच्या शरीरात काय करते, हे आज नीट ठाऊक आहे. अफूत मॉर्फीन आणि कोडीन असतात. मॉर्फीन मेंदूतील श्वासाच्या केंद्राला मंद करते. नवजात बालकाचे यकृत आणि मूत्रपिंडे पुरती तयार झालेली नसल्याने ते द्रव्य शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. मोठ्या माणसाच्या हिशेबाने नगण्य असलेली मात्राही बाळासाठी प्राणघातक ठरू शकते. गोळी हाताने वळलेली, अफू कधी चोख तर कधी भेसळीची. काल चाललेली मात्रा आज चालेलच याची शाश्वती नव्हती. शिवाय शरीर सरावते. महिन्याभरात तेवढ्याने मूल झोपेनासे होई आणि गोळीचा आकार वाढे.

पण एका गोळीने एका रात्रीत झालेले मृत्यू हा या कहाणीचा लहान भाग आहे. मोठा भाग संथ होता आणि म्हणूनच डोळ्यांआड राहिला. अफू भूक मारते. गुंगीतले मूल रडत नाही. रडत नाही म्हणून कोणी त्याला पाजत नाही. संध्याकाळी आई परतते तेव्हा ते पेंगुळलेलेच असते, अंगावर नीट ओढत नाही. अंगावर ओढले न गेल्याने आईचे दूधही आटू लागते. बद्धकोष्ठ होते, चेहरा सुकतो, कातडी सैल पडते. मग एखादा पावसाळा येतो, पोट बिघडते किंवा छातीत कफ भरतो, आणि झुंजण्याची ताकद न उरलेले ते मूल दगावते. मृत्यूच्या नोंदवहीत अशक्तपणा, आकडी, हगवण किंवा श्वसनाचा विकार असे काही लिहिले जाई. अफूचे नाव त्या रकान्यात क्वचितच येई.

आईला मात्र गोळीचा गुणच दिसत असे. अफूने हगवण थांबते, खोकला शमतो, दुखणे कमी होते. हे सर्व खरेच आहे, आणि त्या काळच्या डॉक्टरांच्या पेटीतही अफूची औषधे असत. जे औषध मोठ्यांना डॉक्टर देतो, हगवणीवर लागू पडते आणि मुलाला शांत झोपवते, त्याला विष मानावे, असे कोणते कारण तिच्यासमोर होते? शिवाय ही प्रथा गिरणीने जन्माला घातलेली नव्हती. गुजरात, राजस्थान, माळवा या प्रदेशांत लहान मुलांना अफू चाटवण्याची चाल आधीपासून होती, आणि १८९३ ते १८९५ या काळात अफूची चौकशी करणाऱ्या शाही आयोगापुढे तिच्याविषयी साक्षी झाल्या. गिरणीने त्या चालीला वेळापत्रक दिले. अधूनमधून, आजारपणात चाटवायची वस्तू रोज सकाळी, कामाच्या दिवसागणिक द्यावयाची वस्तू झाली.

याला पुरावा हवा असेल तर सात हजार किलोमीटर दूर पाहावे लागते.

इंग्लंडमध्ये कापडगिरण्या मुंबईच्या कितीतरी आधी उभ्या राहिल्या, आणि तेथील कामगार वस्त्यांत ‘गॉडफ्रेज कॉर्डिअल’ नावाचे एक गोड औषध घरोघर पोहोचले. अफू, काकवी, पाणी आणि ससाफ्रास नावाच्या झाडाचा सुगंधी अर्क, असा त्याचा मसाला. १८४५ साली फ्रिडरिश एंगल्स याने इंग्रज कामगारवर्गाच्या स्थितीवर लिहिलेल्या पुस्तकात या औषधाचे नाव घेऊन त्याच्या दुष्परिणामांविषयी लिहिले आहे. मँचेस्टरच्या आईला बाळगोळी ठाऊक नव्हती आणि परळच्या आईला गॉडफ्रेचे नाव ठाऊक नव्हते. तरी दोघींच्या खोलीत पहाटे तीच क्रिया घडत होती.

त्याहून डोळे उघडणारी गोष्ट इंग्लंडच्या शेतांतली आहे. १८६० च्या दशकात काही ग्रामीण, दलदलीच्या जिल्ह्यांतील बालमृत्यू कारखानदारी शहरांइतके जास्त का, हा प्रश्न सरकारला पडला. डॉ. ज्युलियन हंटर यांनी पाहणी केली, तिचा अहवाल १८६४ साली आला. त्या भागात दलदल आटवून नवी शेते तयार झाली होती, स्त्रियांच्या टोळ्या घरापासून दूरदूरच्या शेतांवर मजुरीला नेल्या जात होत्या, आणि मागे राहिलेल्या मुलांना अफू मिळत होती. तेथे ना गिरणी होती ना धूर. स्वच्छ हवा होती, मोकळे रान होते, आणि तरीही मुले शहरातल्यासारखीच मरत होती, कारण आई हाकेच्या अंतरावर राहिली नव्हती. कार्ल मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात स्त्रियांच्या आणि मुलांच्या मजुरीविषयी लिहिताना हाच अहवाल वापरला.

अमेरिकेत १८४९ पासून विकल्या जाणाऱ्या ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’मध्ये तर मॉर्फीनच होते. बाटलीवर आणि जाहिरातींत प्रसन्न माता, गुटगुटीत बालके. १९०६ च्या कायद्याने औषधातील अफू-मॉर्फीनचे प्रमाण वेष्टनावर छापणे सक्तीचे झाले, आणि १९११ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या सिरपची गणना बालघातक औषधांत केली. लक्षात घेण्याजोगे हे की ते घेणाऱ्यांत सुस्थितीतली मध्यमवर्गीय घरेही पुष्कळ होती. गुंगीतल्या मुलाची शांतता श्रीमंतांनाही हवीशी वाटत होती. फरक एवढाच की त्यांना ती सोय होती आणि गिरणीतल्या बाईला ती गरज होती.

भारतातल्या गोऱ्या कुटुंबांनाही हा विषय परिचित होता. आया मुलांना चोरून अफू तर देत नाही ना, यावर नजर ठेवण्याची सूचना मडमांसाठीच्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकांत दिलेली असे.

आता मुंबईकडे परत. कारण मुंबईचे आणि अफूचे नाते चाळीतल्या गोळीपुरते नाही.

एकोणिसाव्या शतकात माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. त्या व्यापारात या शहरातील अनेक पेढ्यांनी अमाप संपत्ती कमावली. जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या दानशूर म्हणून गौरवलेल्या व्यापाऱ्यांच्या वैभवात अफूचा मोठा वाटा होता. इतिहासकार अमर फारुकी यांनी तर या काळातील मुंबईवरच्या आपल्या पुस्तकाला ‘ओपियम सिटी’ असेच नाव दिले आहे. अफू आणि कापूस यांच्या व्यापारातून शहरात साठलेले भांडवल पुढे गिरण्यांकडे वळले. चीनकडची निर्यात १९१३ मध्ये थांबली. देशांतर्गत विक्री मात्र चालूच राहिली. सरकारी परवान्याच्या दुकानांत अफू उघड मिळे आणि तिच्यावरचा कर तिजोरीत जमा होई.

म्हणजे ज्या सरकारचे मासिक ९८ हा आकडा छापत होते, तेच सरकार त्या अफूवर महसूल घेत होते. १८९५ च्या शाही आयोगाने अफूचे सेवन भारतीयांसाठी फारसे घातक नाही, हिवतापाच्या मुलखात तर ते घरगुती औषधच आहे, असा निर्वाळा दिलेला होता. पुढची कितीतरी वर्षे सरकारी बाजू मांडताना त्याचा आधार घेतला गेला. १९२६ साली सी. एफ. अँड्र्यूज यांनी भारतातील अफूवर पुस्तिका लिहिली तेव्हा ब्रिटनच्या जबाबदारीवर बोट ठेवले, ते याच कारणाने.

येथे थोडे थांबून आकड्यांचीही परीक्षा करायला हवी. इतिहासाच्या अभ्यासकाला ही सवय असलेली बरी.

१९२१ साली मुंबई शहरातील बालमृत्यूचा दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक नोंदला गेला. एकाच खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तो ८२८, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांत १३३. पालिकेच्या आरोग्य खात्याचे हे आकडे बर्नेट-हर्स्ट यांच्या १९२५ च्या मुंबईतील मजूर आणि घरे यांवरील ग्रंथामुळे सर्वत्र पोहोचले. हजारातली ८२८ मुले पहिल्या वाढदिवसाआधी गेली, असा त्याचा सरळ अर्थ लावला तर मात्र फसगत होईल. बाळंतपणासाठी गावी जाण्याची रीत होती. त्या मुलांचा जन्म गावी नोंदला जाई किंवा नोंदलाच जात नसे, पण मूल मुंबईत परतून दगावले की मृत्यू मुंबईच्या खाती पडे. जन्म कमी आणि मृत्यू पुरे, अशा हिशेबात दर फुगणारच. फुगवटा वजा केला तरी एका खोलीपासून चार खोल्यांपर्यंतची उतरंड पुसली जात नाही. तीच खरी बोलकी आहे.

९८ च्या आकड्याविषयीही तेवढीच सावधगिरी हवी. तो एका पाहणीतून आलेला आकडा आहे, जनगणनेतून नव्हे. तरीही प्रथा सर्रास होती याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगानेही मजुरांच्या तान्ह्यांना अफू देण्याच्या चालीची दखल घेतली. खरी अडचण आकड्यांपेक्षा त्यांच्याभोवतीच्या भाषेत आहे. त्या काळचे पुष्कळसे लेखन अडाणी माता, अंधश्रद्धा, स्वच्छतेचा अभाव अशा शब्दांनी भरलेले दिसते. आईला ज्ञान द्या, प्रथा सुटेल, असा त्याचा सूर. दहा तास ती आई कोठे असते, हा प्रश्न त्यात बहुधा तळटीपेच्या पलीकडे जात नाही. गोळी देणाऱ्या बाईला गोळीचे दोष समजावून सांगता आले असते. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी काय करावे, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

हा प्रश्न कायद्याच्या दारात पोहोचला तो जरा वळसा घेऊन.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर सहा-सहा आठवडे विश्रांती, आणि कामावर परतल्यावर मुलाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास, असा करार तिने संमत केला. भारत सरकारने तो मान्य केला नाही. येथील परिस्थितीची चौकशी तेवढी आरंभली. डॉ. बार्न्स यांचा अहवाल हे त्याच हालचालींचे फलित. १९२४ साली कामगार नेते ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती-लाभाचे विधेयक आणले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले.

मुंबई प्रांताने मात्र पाऊल उचलले. आर. एस. आसवले यांनी प्रांतिक कायदेमंडळात विधेयक मांडले, आणि २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केले. परंतु स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा स्वतःचा फायदा असतो, तेव्हा त्यालाही जबाबदारीतून पुरते सुटता येणार नाही, असे त्यांनी बजावले. १९२९ मध्ये हा कायदा झाला. बाळंतपणानंतर चार आठवडे स्त्रीला कामावर घेण्यास बंदी आली आणि ठरावीक काळ नोकरी झालेल्या स्त्रीला विश्रांतीच्या दिवसांसाठी रोज आठ आणे मालकाने द्यावेत, असे ठरले. भारतातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. दुसऱ्याच वर्षी मध्य प्रांताने तसाच कायदा केला, म्हणजे नागपूरच्या गिरण्यांतील स्त्रियाही त्याच्या छत्राखाली आल्या.

या कायद्याचे मोल कमी लेखू नये. तरी पाळण्याच्या बाजूने त्याच्याकडे पाहिले तर त्याची मर्यादा लगेच दिसते. चार आठवडे संपले की आई गिरणीत परतणार, तेव्हा मूल महिन्याचे. दर दोन-तीन तासांनी दूध मागणारे आणि दिवस-रात्र न कळणारे. कायद्याने बाळंतपणाला रजा दिली होती. रोजच्या दिवसाला दिलेली नव्हती.

दिवसाचे उत्तर होते गिरणीच्या आवारातच मुलांसाठी खोली. मराठीने तिला पाळणाघर हे नाव दिले. परक्या भाषांतून आलेल्या कित्येक संस्थांच्या नशिबी इतका घरगुती शब्द आलेला नाही. मुंबईच्या काही मोजक्या गिरण्यांत १९२० च्या दशकातच पाळणाघरे सुरू झाली होती. पण ती मालकाच्या इच्छेवर अवलंबून होती, आणि सर्वच आया तिकडे धाव घेत होत्या असेही नाही. चाळीपासून गिरणीपर्यंत गर्दीतून तान्ह्याला न्यायचे, परक्या दाईच्या हाती द्यायचे, दृष्टीची आणि साथीची भीती वेगळी. शिवाय जातीपातीचे प्रश्न. गोळी खोलीतच मिळत होती आणि स्वस्त होती. व्हिटली आयोगाने जेथे स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात तेथे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पाळणाघरे असावीत, अशी शिफारस केली. १९३४ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत अशी खोली सक्तीची करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला.

अफूवरचे निर्बंध त्याच सुमारास आवळत गेले. १९३० साली धोकादायक औषधी द्रव्यांविषयीचा मध्यवर्ती कायदा आला. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये अखिल भारतीय अफू परिषद भरली आणि वैद्यकीय कारणाव्यतिरिक्तचे अफूसेवन दहा वर्षांत संपवण्याचे तिने ठरवले. १९५९ मध्ये परवान्याच्या दुकानांची ती जुनी व्यवस्था मिटली.

दरम्यान गिरण्यांत आणखी एक बदल होत होता. १९३० च्या दशकापासून खात्यांची पुनर्रचना होऊ लागली, नवी यंत्रे आली, रात्रपाळ्या वाढल्या. स्त्रियांना रात्री कामावर ठेवता येत नव्हते, आणि त्यांच्या बाळंतपणाचा व पाळणाघराचा खर्च मालकाच्या माथी होता. इतिहासकार राधा कुमार यांनी दोन महायुद्धांमधल्या काळातील मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचा अभ्यास करून दाखवले आहे की, संरक्षणाचे कायदे, सुसूत्रीकरण आणि ‘कमावता पुरुष, घर सांभाळणारी बाई’ ही कल्पना यांच्या एकत्रित रेट्याने स्त्रिया गिरणीबाहेर ढकलल्या गेल्या. रीलिंग-वाइंडिंगच्या जागा घटल्या. पाचवा हिस्सा ओसरत गेला, आणि नंतरच्या दशकांत गिरणीतली बाई ही अपवादाची गोष्ट झाली. बाहेर पडलेल्या बायकांनी खानावळी चालवल्या, भाजी विकली, चाळीच्या खोलीतच पापड लाटले, विड्या वळल्या. तेथे मूल पाठीशी झोळीत होते आणि मजुरी गिरणीच्या मानाने तुटपुंजी.

१९४८ च्या कारखाने कायद्याने ४८ व्या कलमात पाळणाघर सक्तीचे केले. पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या प्रत्येक कारखान्यात हवेशीर, उजेडाची, स्वच्छ खोली असावी. बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रियांकडे तिची देखरेख असावी. राज्य सरकारला नियम करून तेथे मुलांसाठी दुधाची आणि कपडे धुण्या-बदलण्याची सोय करायला लावता यावी. त्याच कलमात आणखी एक तरतूद होती. आवश्यक त्या अंतराने आईने येऊन मुलाला पाजावे, यासाठी कारखान्यातच तशी सोय करून देण्याची सक्तीही नियमाने करता येत असे. मूल दर दोन-तीन तासांनी उठते, हे प्रथमच कारखान्याच्या कायद्याने विचारात घेतले होते. मुंबईच्या रीलिंग खात्यांत तोवर बायकांची संख्या बरीच खाली आली होती.